लोणार
लोणार : महाराष्ट्राच्या बुलढाणा जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण व खाऱ्या पाण्याचे प्रसिद्ध सरोवर. मेहकरच्या दक्षिणेस. उल्लेख आईन-इ-अकबरीत आढळतो. ब्रिटिश अधिकारी सी. जे. ई. अलेक्झांडर याने १८२३ मध्ये सरोवराची नोंद केली.

विवर : दख्खनच्या बेसाल्टात पडलेले. व्यास सु. १·८ किमी., खोली सु. १५० मी.; काठ भोवतालच्या जमिनीहून २० ते ३० मी. उंच. आसपास सगळा लाव्हाच असल्याने हे ज्वालामुखीचे मुख असावे, असे अनेक भूवैज्ञानिक मानीत. पुढे तळात वेधछिद्रे घेऊन काढलेल्या खडकांत मॅस्केलिनाइट सापडले. फेल्स्पार खनिजावर आघाताचा प्रचंड दाब आला, की त्याची अशी काच होते. ज्वालामुखीत एवढा दाब निर्माण होत नाही. १९७३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि वाद मिटला. आदळलेल्या लघुग्रहाचा तुकडा मात्र हाती आलेला नाही. आघाताच्या उष्णतेत तो बहुतांशी वाफ होऊन गेला असावा. बेसाल्टातील आघातविवरे पृथ्वीवर विरळा असल्याने चंद्र-मंगळावरील विवरांच्या अभ्यासास लोणार उपयोगी पडते. वय तप्तदीप्ती पद्धतीने सु. ५२,००० वर्षे; नंतरच्या आर्गॉन मापनाने सु. ५,७०,००० वर्षे.

सरोवर : पाण्याचा सामू १० च्या आसपास. हळद लावलेला कागद त्यात बुडवताच तांबडा होतो. उन्हाळ्यात काठावर साचणारा खार पूर्वी साबण व काच बनविण्यासाठी नेत. विवराच्या उतारावर मात्र गोड्या पाण्याची धार बारमाही वाहते. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दखल घेतली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण क्षारप्रिय सूक्ष्मजीव असल्याचे दाखविले. त्याच वर्षी सरोवराचा पाणथळ स्थळांच्या रामसर यादीत समावेश.

मंदिरे : गावातील दैत्यसूदन मंदिर चालुक्य शैलीचे असून बाह्यभिंती शिल्पांनी भरलेल्या आहेत. विष्णूने येथे लवणासुराचा वध केला, अशी आख्यायिका. काठावर कमळजादेवीचे देऊळ (नवरात्रात यात्रा) व त्यापाशी सासू-सुनेची विहीर; तिचे अर्धे पाणी गोडे, अर्धे खारे, असे सांगतात.

आर्थिक : सोयाबीन, कापूस व तूर ही मुख्य पिके. पर्यटन वाढते आहे.