कुमकार्नचा वनमार्ग

हा वनमार्ग दक्षिण वेल्समधील एबू नदीच्या खोऱ्यात, कुमकार्न गावाजवळ आहे. सुमारे 11 किलोमीटरचा हा वळणावळणाचा रस्ता 1972 मध्ये मोटारींसाठी खुला झाला. वरच्या थांब्यांवरून स्वच्छ हवेत ब्रिस्टलची खाडी दिसते. शेजारच्या टुम्बार्लुम टेकडीवर लोहयुगीन किल्ल्याचे अवशेष आहेत.

आज जिथे पर्यटक गाडी लावून चहा घेतात, तिथे 1968 पर्यंत कोळशाची खाण होती. शेजारच्या ॲबरकार्नच्या ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ खाणीशी ती जोडलेली होती. या ॲबरकार्नमध्ये 11 सप्टेंबर 1878 रोजी स्फोट होऊन 268 माणसे आणि पोरे दगावली. आग आटोक्यात येईना, तेव्हा कालव्याचे पाणी खाणीत सोडावे लागले. त्या वेळी अनेकांचे मृतदेह खालीच होते. हिरवाईचे वर्णन करताना हा तपशील गाळणे अन्यायाचे ठरेल.

जंगलही निसर्गदत्त नव्हे, लावलेले आहे. त्यात पूर्वी लार्च फार होता. हा सूचिपर्णी असूनही हिवाळ्याआधी पाने गाळणारा वृक्ष. पावसाळी हवेत पसरणाऱ्या ‘फायटोफ्थोरा रॅमोरम’ या रोगाने त्याला ग्रासले. दीड लाखांहून अधिक लार्च तोडण्यासाठी 2014 मध्ये रस्ता बंद करावा लागला. तो 2021 मध्ये पुन्हा सुरू झाला. मोकळ्या उतारांवर आता एकाच जातीऐवजी मिश्र झाडे लावली आहेत. जुन्या छायाचित्रांतील गर्द, एकसुरी रान तिथे शोधू नये.