हेगची रहस्यकथा आणि नागपूरचा ग्रंथ

आज एका डच वाचकाची गोष्ट सांगणार आहे, पण आधी एक कबुली देतो.

लहानपणी आमच्या वाचनालयात एका वेळी दोन पुस्तकं मिळायची. एक घरी दाखवायला, म्हणजे चरित्र किंवा इतिहास. दुसरं आपल्यासाठी, म्हणजे नारायण धारप नाहीतर सुहास शिरवळकर. पुढे एमबीए झालं, आयटीतली नोकरी धरून नेदरलँड्सला आलो, तरी सवय तीच. ट्रेनमध्ये हातात मॅनेजमेंटचं पुस्तक आणि बॅगेत रहस्यकथा. आणि मध्यंतरी चौदा वर्षांच्या मुलीला मी म्हणालो, "हे काय फालतू वाचतेस? काहीतरी चांगलं वाच." तोंड माझं होतं, वाक्य माझ्या वडिलांचं.

त्याच आठवड्यात क्रिंगलोपमध्ये, म्हणजे इथल्या जुन्या सामानाच्या दुकानात, एका युरोला एक डच रहस्यकथा मिळाली. नायक 'रेख्टर टी', इंग्रजीतला जज डी. लेखक रॉबर्ट फान ख्यूलिक. इंग्रजी वाचणारे त्यांना व्हॅन गुलिक म्हणतात. घरी येऊन या माणसाची माहिती काढली आणि मुलीला बोललेलं वाक्य मलाच टोचायला लागलं.

फान ख्यूलिक यांचा जन्म १९१० सालचा, झुटफेनचा. वडील डच सैन्यात डॉक्टर, त्यामुळे बालपण जावामध्ये गेलं. परतल्यावर नायमेखेनच्या शाळेत शिकताना उलेनबेक या भाषापंडितांकडे ते संस्कृत शिकले. बाविसाव्या वर्षी, १९३२ मध्ये, त्यांनी केलेला कालिदासाच्या 'विक्रमोर्वशीय'चा डच अनुवाद छापून आला. १९३५ मध्ये उट्रेख्ट विद्यापीठात डॉक्टरेट मिळाली. विषय होता हयग्रीव! आपल्या पुराणांतला हा घोड्याच्या तोंडाचा देव बौद्ध धर्माबरोबर चीन-जपानपर्यंत कसा पोचला, याचा शोध. पोटापाण्यासाठी मात्र ते डच परराष्ट्र खात्यात मुत्सद्दी होते. टोकियो, चुंगकिंग, दिल्ली, बैरुत अशा बदल्या होत राहिल्या. अभ्यास आणि लेखन चालायचं ते नोकरी सांभाळून.

हा गंभीर अभ्यासक रहस्यकथांकडे वळला कसा? अठराव्या शतकातली एक चिनी कादंबरी त्यांच्या हाती लागली. तिचा नायक दी रेनज्ये. हा खरा माणूस. सातव्या शतकातला, तांग राजवटीतला बडा अधिकारी. जुन्या चीनमध्ये जिल्ह्याचा अधिकारीच गुन्ह्याचा तपास करायचा आणि न्यायनिवाडाही त्याचाच. त्यामुळे अशा अधिकाऱ्यांच्या तपासकथा तिथे शेरलॉक होम्सच्या कितीतरी आधीपासून आवडीने वाचल्या जात. पाश्चात्त्य रहस्यकथांत चिनी माणूस दिसायचा तो बहुधा खलनायक म्हणून. फान ख्यूलिक यांनी त्या कादंबरीचा इंग्रजी अनुवाद करून १९४९ मध्ये टोकियोत स्वतःच छापून घेतला. मग वाटलं, याच घाटाची नवी गोष्ट आपणच का लिहू नये? तीन गुन्हे, एक न्यायाधीश, आणि चित्रं मिंगकालीन लाकडी ठशांच्या वळणाची, तीही स्वतःच काढलेली.

खरी गंमत पुढे आहे. पहिल्या कादंबरीची जपानी आवृत्ती १९५१ मध्ये निघाली. प्रकाशकाचा हट्ट होता की मुखपृष्ठावर विवस्त्र स्त्री हवी. त्याशिवाय पुस्तक खपणार नाही. फान ख्यूलिक यांचं म्हणणं, चिनी कलेत तशी परंपराच नाही. तरी खात्री करावी म्हणून त्यांनी जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांकडे चौकशी केली, तर मिंग काळातली तशी रंगीत चित्रं खरोखर निघाली! त्या चित्रांवर त्यांनी एक अभ्यासग्रंथ लिहिला आणि त्याच्या फक्त पन्नास प्रती काढल्या. ते काम वाढत वाढत १९६१ मध्ये प्राचीन चीनमधल्या स्त्रीपुरुष संबंधांचा मोठा इतिहास झाला. तो लायडनच्या ब्रिल या प्रकाशनसंस्थेने काढला, आणि त्या विषयावर अभ्यासक आजही त्याची दखल घेतात.

म्हणजे बघा, एवढ्या विद्वान माणसाला जो प्रश्न पडला नव्हता, तो रहस्यकथेच्या मुखपृष्ठाने पाडला.

आता साल १९५६. त्या वर्षी हेगच्या प्रकाशकाने त्यांची तीच कादंबरी इंग्रजीत काढली. आणि त्याच वर्षी आपल्या नागपूरहून, डॉ. रघुवीर यांच्या सरस्वती विहार ग्रंथमालेत, त्यांचा 'सिद्धम्' हा ग्रंथ निघाला. चीन आणि जपानमधल्या संस्कृत अभ्यासाचा हा इतिहास. सिद्धम् ही आपल्या नागरीची जवळची नातलग लिपी. बौद्ध मंत्रांसाठी ती जपानमध्ये अजून वापरात आहे. हेगच्या पुस्तकात खून, नागपूरच्या पुस्तकात मंत्राक्षरं, आणि लिहिणारा हात एकच.

पण यावरून "सगळं वाचन सारखंच" असा निष्कर्ष काढू नका. फान ख्यूलिक दोन्हींतला फरक नीट ओळखून होते. कादंबरीच्या शेवटी ते टीप देत: अमुक प्रसंग अमुक जुन्या पुस्तकातून घेतला आहे, न्यायाधीश तांग काळातला असला तरी पोशाख आणि रीतिरिवाज मिंग काळातले दाखवले आहेत, म्हणजे कित्येक शतकांनंतरचे. गोष्टीत सूट घेतली, पण ती लपवली नाही. मला वाटतं, वाचणाऱ्याने सांभाळायचं ते एवढंच. कुठल्या पुस्तकाने आपल्याला काय कबूल केलंय, याचं भान. कादंबरीकडे पुरावा मागू नये, आणि इतिहासाच्या नावाने कुणी कादंबरी विकत असेल तर पुरावा मागितल्याशिवाय राहू नये. व्हॉट्सअॅपच्या दिवसांत तर नाहीच.

फान ख्यूलिक १९६७ मध्ये हेगमध्ये वारले. त्याच वर्षी त्यांचा चीनमधल्या गिबन माकडांवरचा ग्रंथ निघाला, आणि त्याबरोबर गिबनच्या हाकांची तबकडीही होती. दोन वर्षं आधी त्यांच्या एका कथेची सुरुवात गिबननेच झाली होती.

एक युरोचं ते पुस्तक मी मुलीला दिलं. तिचं डच माझ्यापेक्षा चांगलं आहे. दोन दिवसांत वाचून झालं. मग जेवताना विचारते, "बाबा, असा न्यायाधीश खरंच होता का?" मला उठून तांग राजवटीचा इतिहास शोधावा लागला. तो आता आम्ही दोघं मिळून वाचतोय. कव्हर न घालता.

तुमच्या घरी कोणतं पुस्तक लपवून वाचलं जातं? कळवा नक्की. भेटू पुढच्या भागात.