एमजीबी : बाह्यरूपातील बदल
इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात तयार झालेली स्पोर्ट्‌स कार. अमेरिकेतील बंपरविषयक नियमांमुळे १९७४ मध्ये तिचे क्रोमचे सडपातळ बंपर जाऊन जाड, काळे बंपर आले. गाडीची उंचीही वाढली आणि मूळची देखणी ठेवण बिघडली. त्यामुळे नंतरच्या गाड्यांना पुन्हा क्रोमचे बंपर व जाळी बसवण्याची पद्धत रूढ झाली. त्यासाठी पत्र्याचे काम करावे लागते. केवळ बंपर बदलून भागत नाही; स्प्रिंगा बदलून गाडी खाली न घेतल्यास रूप अर्धवटच राहते. तारांच्या आऱ्यांची चाके तिला शोभतात, मात्र त्यांना खाचांचे वेगळे हब लागतात. रुंद मडगार्ड व मोठे स्पॉयलर टाळावेत.