पाहुणा पक्षी आणि त्याचे शिकारी

सन १६१२ मधली गोष्ट. सुरत-खंबायतकडील कारभार पाहणारा मुकर्रबखान गोव्याहून जहांगीर बादशहाकडे परतला, तेव्हा पोर्तुगीजांकडून विकत घेतलेल्या अनेक नवलाईच्या वस्तू त्याच्याबरोबर होत्या. त्यांतच एक पक्षी होता. आकाराने लांडोरीहून मोठा आणि मोरापेक्षा लहान. त्याच्या डोक्यावर व मानेवर पिसे नव्हती, आणि माजावर आला म्हणजे त्या उघड्या कातडीचे रंग सरड्यासारखे पालटत. बादशहाने त्याचे वर्णन आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आणि चित्रही काढून घेतले. मन्सूर या चित्रकाराने काढलेले ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट संग्रहालयात आहे. दरबारात या पाखराचे नाव मात्र कोणालाच सांगता येईना.

हा पक्षी म्हणजे टर्की. त्याचे नाव सांगता न येणे हा काही एकट्या मोगल दरबाराचा अडाणीपणा नव्हता. इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचे नाव दिले. तुर्क त्याला 'हिंदी' म्हणतात. फ्रेंच भाषेतल्या त्याच्या नावाचा अर्थ 'हिंदुस्थानचा' असा होतो, आणि डच लोकांनी त्याचे मूळ थेट आपल्या कालिकतला नेऊन भिडवले. पोर्तुगीज त्याला 'पेरू' म्हणतात, तो दक्षिण अमेरिकेतल्या देशावरून. आपल्या फळाशी त्याचा घोळ करू नये. यांतला एकही देश त्याचा नव्हे. टर्की मूळचा उत्तर अमेरिकेचा. मेक्सिकोतल्या लोकांनी त्याला फार प्राचीन काळी माणसाळवले, आणि सोळाव्या शतकाच्या पहिल्या पाव भागात स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला. ज्या पाखराचे घर कोणते हे जगाला शेकडो वर्षे नीट सांगता आले नाही, त्याच्याविषयीच आज 'हा येथला की बाहेरचा?' असा वाद रंगावा, हा इतिहासाचा एक विनोदच म्हटला पाहिजे. त्या वादाची हकीकत आज आम्ही सांगणार आहोत.

जो पक्षी आपल्या मुलखातला नाही, तो केवळ शिकारीसाठी आणून सोडायचा, ही हौस जुनी आहे. अठराव्या शतकात लंडनजवळच्या रिचमंड येथील राजोद्यानात दुसऱ्या जॉर्जच्या काळी सुमारे तीन हजार टर्की पाळलेले होते असे सांगतात. त्यांच्यासाठी जवाच्या गंजी रचून ठेवीत. कुत्री मागे लागली की पक्षी झाडावर चढत, आणि मग राजाची बंदूक चाले. पण शेजारच्या गावच्या लोकांनाही तेच पक्षी हवे असत. चोरट्या शिकाऱ्यांच्या आणि रखवालदारांच्या मारामाऱ्या इतक्या वाढल्या, की शेवटी तो कळपच मोडावा लागला. येथे एक सूत्र ध्यानात ठेवले पाहिजे. इंग्लंडात रानातला प्राणी राजाचा किंवा जमीनदाराचा मानला जाई. गरिबाने तो मारला तर ती चोरी ठरे.

अमेरिकेत वस्ती करणाऱ्यांनी हे सूत्र झुगारून दिले. तेथे रानातला प्राणी जमिनीच्या मालकाचा नव्हे, सर्व लोकांचा, असे ठरले. तत्त्व मोठे उदार होते. पण जे सर्वांचे, त्याची राखण कोणाचीच नसते, हा अनुभव आपल्याकडच्या गावरानांनाही आहे. शेतीसाठी जंगले तुटली, बाजारात विकण्यासाठी पक्षी बेसुमार मारले गेले. मॅसॅच्युसेट्समधला शेवटचा रानटी टर्की १८५१ मध्ये गेला. मुळात ज्या ३९ राज्यांत हा पक्षी होता, त्यांपैकी १८ राज्यांतून तो १९२० पर्यंत नाहीसा झाला होता.

मग लोक जागे झाले. १९०० मध्ये चोरून मारलेल्या प्राण्यांचा राज्याराज्यांतला व्यापार बंद करणारा कायदा झाला. १९३७ मध्ये त्याहून महत्त्वाचा कायदा आला. बंदुका आणि काडतुसे यांवरील कर सरकारच्या सामान्य तिजोरीत न जाता वन्य प्राण्यांच्या संवर्धनासाठी राज्यांना वाटून द्यावा, असे त्यात ठरले. जो मारतो त्यानेच राखण्याचा खर्च द्यावा, असा हा हिशेब. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानंतर शिकार बंद झाली, त्यामुळे आपल्या कानांना हे विचित्र वाटेल. पण शिकाऱ्याच्या पैशाने शिकार वाढली, हे तेथे खरोखरच घडले, आणि त्याचा नमुना म्हणून टर्कीकडेच बोट दाखवतात.

अर्थात पैसा आला म्हणून पक्षी आला नाही. प्रथम लोकांनी सोपा मार्ग धरला. कोंबड्यांसारखी अंडी यंत्रात उबवायची, पिले वाढवायची आणि रानात सोडायची. कॅलिफोर्निया राज्याने १९०८ पासून १९५१ पर्यंत हाच उद्योग केला, आणि बहुतेक ठिकाणी तो फसला. कारण साधे आहे. टर्कीचे पिलू आईच्या मागे फिरून शिकते. ससाणा आला तर कुठे दडायचे, रात्री कोणत्या झाडावर बसायचे, कोल्ह्याची चाहूल कशी घ्यायची, या गोष्टी यंत्र शिकवीत नाही. माणसाच्या हातून दाणे खाल्लेले ते पोरके पक्षी रानात फार काळ टिकत नसत.

उपाय सापडला तो रानातलेच पक्षी जिवंत पकडून हलवण्याचा. पण टर्की अतिशय सावध. १९५० च्या सुमारास एक युक्ती निघाली. दाणे टाकून कळप एका जागी जमू द्यायचा आणि दडवून ठेवलेल्या लहान तोफांनी त्यांच्यावर मोठे जाळे उडवायचे. एका क्षणात अख्खा कळप हाती लागे. मग पेट्यांत घालून शेकडो मैल दूर न्यायचा आणि सोडायचा. १९७२ आणि १९७३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातले अवघे ३७ पक्षी मॅसॅच्युसेट्समध्ये सोडले, त्यांतून तेथे पुन्हा हजारोंची प्रजा झाली. १९७३ मध्ये टर्कीप्रेमी शिकाऱ्यांची राष्ट्रीय संस्थाही स्थापन झाली. या शतकाच्या आरंभी देशातल्या टर्कींची संख्या साठ लाखांच्या वर गेली.

येथवरची कथा उद्धाराची आहे, आणि ती ऐकून कोणालाही आनंदच होईल. पण आता एक साधा हिशेब करू. मूळची राज्ये ३९. आज हा पक्षी ४९ राज्यांत आहे. एकटे अलास्का तेवढे सुटले. म्हणजे जेथून तो गेला होता तेथे तो परत आणला, एवढेच झाले नाही. जेथे तो कधी नव्हताच, अशा दहा राज्यांतही तो नेला गेला. पहिल्या कामाला पुनर्वसन म्हणता येईल. दुसऱ्याला काय म्हणावे?

वायोमिंगचे उदाहरण पाहा. त्या राज्याने १९३५ मध्ये न्यू मेक्सिकोशी एक अदलाबदल केली. स्वतःच्या माळरानावरचा, सेज नावाच्या झुडपांत राहणारा रानकोंबडा दिला आणि बदल्यात १५ टर्की घेतले: नऊ माद्या आणि सहा नर. बारा वर्षांत त्या पंधरांचे हजाराच्या घरात पक्षी झाले. सौदा फायद्याचा वाटला. पण न्यू मेक्सिकोत गेलेल्या रानकोंबड्याने तेथे मूळ धरले नाही, आणि वायोमिंगसकट सगळ्या पश्चिमेकडे आज त्याच रानकोंबड्याच्या घटत्या संख्येची चिंता वाहिली जात आहे. पाहुणा पोसला गेला, घरचा खंगला. टर्कीमुळेच तो खंगला असे आम्ही म्हणत नाही. माळरान मोडल्यामुळे तो खंगला. पण उत्साह आणि पैसा ज्या बाजूला वाहतो, त्या बाजूचे पीक वाढते, हे यातून दिसते.

खरा वाद पेटला तो कॅलिफोर्नियात. यंत्रातल्या पिलांचा प्रयोग फसल्यावर १९५९ पासून त्या राज्याने टेक्सासकडचे रानटी टर्की आणून सोडण्यास आरंभ केला. ओकची झाडे तेथे विपुल, त्यांची फळे टर्कीच्या आवडीची. पक्षी झपाट्याने वाढले आणि या शतकाच्या आरंभी सरकारी अंदाज अडीच लाखांच्या आसपास गेला. मार्चच्या शेवटच्या शनिवारी वसंतातली शिकार सुरू होते. शिकारी झाडाआड दडून बसतो आणि लाकडी डबीवर झाकण घासून मादीचा आवाज काढतो. नर पिसारा फुलवीत चालत येतो आणि गोळीला बळी पडतो. या दिवसांत मारायचा तो छातीवर दाढीसारखा केसाळ पिसांचा झुबका असलेलाच पक्षी, म्हणजे बहुधा नर. एक नर अनेक माद्यांना पुरतो, आणि माद्या तोवर अंड्यांवर बसू लागलेल्या असतात. म्हणून काही नर मेल्याने पुढच्या वर्षीची पिले कमी होत नाहीत. नियमामागे असा विचार आहे.

पण वनस्पतींचे अभ्यासक आणि राज्यातील उद्यानांचे रक्षक विचारू लागले: हा पक्षी ओकची फळे खातो, कोवळी रोपे उकरतो, किडे आणि क्वचित लहान सरडेही टिपतो. ज्या रानाने त्याला कधी पाहिलेच नाही, त्या रानावर हा भार का? द्राक्षमळेवाल्यांनी कुरकुर केली. शहरांच्या कडेला राहणाऱ्यांच्या मोटारींत स्वतःचे प्रतिबिंब पाहून नर त्यावर चोची मारू लागले. अखेर १९९९ नंतर राज्याने नवे पक्षी सोडणे थांबवले.

त्यावर शिकाऱ्यांच्या पक्षाचे उत्तर मोठे मजेदार होते. ते म्हणाले, टर्की येथला नाही असे कोण म्हणतो? लॉस एंजेलिसच्या डांबराच्या तळ्यांत टर्कीची हाडे सापडली आहेत. ही गोष्ट खरी आहे. लॉय मिलर या शास्त्रज्ञाने १९०९ मध्ये त्या हाडांचे वर्णन केले, तेव्हा त्याला तो चक्क मोर वाटला होता, आणि त्याने नावही मोराच्या कुळातले दिले होते. पुढे तो टर्कीचा भाऊबंद ठरला. पण तो भाऊबंदच. जात निराळी, आणि तीही सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी नष्ट झालेली. चुलत्याची जमीन होती म्हणून पुतण्याने दहा हजार वर्षांनी दावा लावावा, तशातला हा युक्तिवाद आहे.

तर मग निवाडा काय? त्याच राज्यातले सांताक्रूझ बेट आम्हांला येथे मार्गदर्शक वाटते. टर्की कॅलिफोर्नियात प्रथम आला तो १८७७ मध्ये याच बेटावर. या बेटावर जगात इतरत्र कोठेही न मिळणारा एक लहानसा कोल्हा आहे. माणसाने बेटावर डुकरे आणली, ती रानटी झाली. त्यांच्या पिलांवर ताव मारण्यासाठी सोनेरी गरुड येऊन राहिले. आणि गरुडांनी कोल्हे इतके टिपले की ते शंभराच्याही खाली आले. २००५ व २००६ मध्ये पाच हजारांवर डुकरे मारून बेट मोकळे केले, गरुड पकडून दूर नेले. तेव्हा आजवर मोजके असलेले टर्की एकदम वाढू लागले. ते वाढते तर गरुडांना पुन्हा आमंत्रणच मिळाले असते. म्हणून पुढच्या काही वर्षांत तेथून टर्कीही काढून टाकण्यात आले. २०१६ मध्ये तो कोल्हा धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीतून बाहेर पडला.

मुख्य भूमीवर मात्र टर्की आज रुजला आहे. तो काढणे बहुधा शक्य नाही, आणि त्याच्या निमित्ताने येणाऱ्या परवान्यांच्या पैशातून ओकची राने राखली जातात, हेही नाकारता येत नाही. एकच पक्षी, एकच राज्य. एका जागी तो काढणे हे रक्षण, दुसऱ्या जागी त्याला सांभाळून घेणे हे शहाणपण. 'परका' हा शब्द उच्चारला की प्रश्न सुटला, असे नाही. आणि 'आता तो आपलाच' असे म्हटल्यानेही सुटत नाही. कोणाच्या येण्याने कोणाचे घर उठते, हे प्रत्येक ठिकाणी जाऊन पाहावे लागते.

जाता जाता एक उलटे उदाहरण सांगून पुरे करतो. आपला काळवीट १९३२ मध्ये टेक्सासमध्ये शिकारीच्या हौसेने नेला गेला. तेथे तो वाढला. इकडे पाकिस्तानात तो नामशेष झाला. तेव्हा १९७० मध्ये टेक्सासच्या पशुपालकांनी दहा काळवीट लाल सुहान्रा येथे पाठवले. परक्या देशातल्या शिकाऱ्यांनी राखलेले बीज घरी परत आले. ही गोष्ट ऐकून हौसेचे कौतुक जरूर करावे. पण बीज परदेशी शोधावे लागण्याची वेळ मुळात का आली, हा प्रश्न घरच्यांनी स्वतःलाच विचारायचा असतो. पाहुण्याचे आदरातिथ्य हा गुण आहे. घरच्या माणसाला उपाशी ठेवून केलेले आदरातिथ्य मात्र गुणात जमा होत नाही.