वाडा कुणाच्या नावावर?

अमेरिकेतल्या व्हर्जिनियात माउंट व्हर्नन हा जॉर्ज वॉशिंग्टन यांचा वाडा आहे. पुढे त्यांच्या भावाच्या वंशजाला तो सांभाळणे जड गेले, म्हणून त्याने तो विकायला काढला. काँग्रेसने घेतला नाही, राज्यानेही नाही. अखेर १८५८ साली ॲन पामेला कनिंगहॅम यांच्या महिला संस्थेने २ लाख डॉलरला वाडा आणि २०० एकर जमीन घेण्याचा करार केला. वाडा वाचला, याचा मला आनंद आहे.

पण १७९९ साली वॉशिंग्टन वारले तेव्हा तिथे ३१७ गुलाम होते. शेती त्यांनीच कसली. आपल्या सातबाऱ्यावर निदान कुळाच्या नावाला जागा असते. त्यांच्या दफनभूमीवर स्मृतिशिला बसली, ती १९२९ साली. कबरी मात्र अजून बिननावाच्याच आहेत.