मुंबईच्या प्लेगचा आलेख

सप्टेंबर १८९६. मुंबईतील मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. पुढची हकिगत, म्हणजे हाफकिनची लस आणि पुण्यातील रँडचा वध, आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. पण साथींचे जे गणित आज संगणकावर मांडले जाते, त्याच्या पायाशीही मुंबईतल्या मृतांची मोजदाद आहे, हे फारसे कुणी सांगत नाही.

प्लेग मुंबईत दरवर्षी परतत राहिला. आठवड्याला किती माणसे दगावली, याची नोंद होत गेली. १९०५ साली नेमलेल्या प्लेग संशोधन आयोगाने परळच्या प्रयोगशाळेत उंदीर आणि त्यांच्या अंगावरील पिसवा तपासल्या. त्याचे अहवाल इंग्लंडच्या ‘जर्नल ऑफ हायजीन’मध्ये छापून आले.

वीस वर्षांनी मुंबईचे आकडे एडिंबरोच्या एका प्रयोगशाळेत पोचले. तिचे प्रमुख अँडरसन मॅकेन्ड्रिक हे हिंदुस्थानात वैद्यकीय सेवेत होते. कसौलीच्या पाश्चर संस्थेचे काम त्यांनी पाहिले होते. त्यांचे सहकारी विल्यम कर्मॅक रसायनशास्त्रज्ञ. १९२४ साली प्रयोगशाळेतल्या अपघातात कर्मॅक यांची दृष्टी गेली, पण काम सुटले नाही. १९२७ साली या दोघांचा निबंध रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केला.

त्यातला विचार सोपा आहे. लोकांचे तीन गट करायचे: लागण होऊ शकेल असे, लागण झालेले, आणि बरे झालेले किंवा दगावलेले. साथ ओसरायला सगळेच आजारी पडावे लागत नाहीत. पहिल्या गटातली संख्या एका मर्यादेखाली उतरली की साथीचा जोर तुटतो. दाखला म्हणून त्यांनी १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळातले मुंबईतले प्लेगचे मृत्यू घेतले. आठवड्याला सुमारे ९०० पर्यंत चढून उतरणारी ती रेघ त्यांच्या सूत्राशी छान जुळली.

पण प्लेग मुख्यतः उंदरांचा रोग. माणसाला तो पिसवांमार्फत होतो. सूत्रात मात्र उंदीर नव्हतेच. ही अडचण लेखकांनी स्वतःच निबंधात नोंदवली होती. पुढे आलेख गाजला, इशारा मागे पडला. २०१२ साली निकोला बाकाएर या फ्रेंच गणितज्ञाने जुने आकडे पुन्हा तपासले. मुंबईत प्लेग दरवर्षी ठरावीक महिन्यांतच चढत-उतरत असे. म्हणजे साथ ओसरण्यात ऋतूचाही हात होता. आलेख जुळला म्हणजे कारण सापडले, असे होत नाही!

ही चूक दुरुस्त होऊ शकली, कारण मूळ नोंदी शिल्लक होत्या. ‘जर्नल ऑफ हायजीन’चे ते अंक आज अमेरिकेच्या ‘पबमेड सेंट्रल’ या डिजिटल ग्रंथालयात कुणालाही फुकट वाचता येतात.

संगणक आल्यावर जपायच्या नोंदी वाढल्या. २००४ साली लॉस अलामॉसच्या शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह पोर्टलंड शहराची सुमारे १६ लाख काल्पनिक माणसे संगणकात वसवली, त्यांना घर, शाळा, कचेरी दिली आणि देवी कशी पसरेल ते पाहिले. असा प्रयोग शेकडो वेळा करता येतो. मग कुठला निष्कर्ष कुठल्या गृहीतकांवरून निघाला, हे कसे कळणार? व्हर्जिनिया टेकमध्ये एडवर्ड फॉक्स आणि जोनाथन लायडिग यांनी यासाठीच ‘सिमडीएल’ हे डिजिटल ग्रंथालय रचले. त्यात पुस्तकांऐवजी असे प्रयोग, त्यांना पुरवलेली माहिती आणि त्यांचे निकाल जपायचे होते.

ही नुसती टापटीप नव्हे, हे २०२० साली पटले. ब्रिटनमधील टाळेबंदीच्या निर्णयामागे लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या प्रतिमानाचा मोठा वाटा होता. त्याची संगणक-आज्ञावली जुनी होती, नीट टिपणे नव्हती. टीका झाली. आज्ञावली खुली झाल्यावर केंब्रिजच्या स्टीफन एग्लेन यांनी ती चालवून मुख्य निष्कर्ष पुन्हा मिळवले. पण तोवर लोक कित्येक आठवडे घरात बसून होते.

१९०६ साली मुंबईच्या कचेरीत मृत्यूंचे आकडे मांडणाऱ्या कारकुनाला गणिताची कल्पनाही नसेल. त्याने आकडा लिहिला, आणि तो जपला गेला. म्हणून शंभर वर्षांनी दोन विद्वानांची चूक दाखवता आली. आपल्या घरात कोंडून राहण्याचा निर्णय ज्या गणितावर होतो, त्या गणिताचीही वही अशीच कुणीतरी जपायला हवी.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)