वाडा, समुद्र आणि पाचचं जेवण

निघताना पाहुण्याने ‘किती द्यायचे?’ असं विचारलं, तर आपल्याकडचा यजमान पुढची दहा वर्षं त्याचं तोंड पाहणार नाही. इंग्लंडात मात्र कितीतरी सरदार-जमीनदारांचे वाडे आज याच एका प्रश्नावर उभे आहेत. त्यातून वाडा समुद्रकाठी असला आणि पोराबाळांना मज्जाव नसला, की शाळांच्या सुट्टीत तिथे खोली मिळणं म्हणजे गणपतीत कोकणच्या गाडीचं आरक्षण मिळण्यासारखंच.

वास्तविक इंग्रज माणूस समुद्राकडे मौजेसाठी गेलाच नव्हता. त्याला डॉक्टरने पाठवला. १७५० साली डॉ. रिचर्ड रसेल नावाच्या गृहस्थांनी समुद्राच्या पाण्याने ग्रंथींचे विकार बरे होतात, असा प्रबंध लिहिला. तोही लॅटिनमध्ये! आपल्याकडे संस्कृत श्लोक म्हटला की औषधाला जोर चढतो, तसंच ते. बरं, नुसत्या डुबक्या मारून सुटका नव्हती. पाइंटभर खारं पाणी प्यायचंही असे. ब्रायटन तेव्हा कोळ्यांचं गाव. डॉक्टरांनी तिथे समुद्रासमोर ऐसपैस घर बांधलं. ते वारल्यावर ते घर भाड्याने जाऊ लागलं, आणि पुढे ते पाडून त्या जागी १८२६ मध्ये चक्क हॉटेल उभं राहिलं. आधी रोगी, मग भाडेकरू, मग पाहुणा!

राजाने केलं की ते प्रजेला करावंच लागतं. तिसरा जॉर्ज १७८९ मध्ये मोठ्या दुखण्यातून उठला आणि हवापालटासाठी वेमथला भावाच्या घरी जाऊन राहिला. त्या काळी पाण्यात शिरायचं ते चाकांवरच्या लाकडी खोलीतून. आत कपडे बदलायचे, घोडा खोली पाण्यात ओढून नेणार, आणि मग पायऱ्यांवरून आपण समुद्रात. राजेसाहेबांनी डोकं पाण्याखाली घातलं मात्र, शेजारच्या तसल्याच खोलीत दडवलेल्या वाजंत्र्यांनी ‘गॉड सेव्ह द किंग’ सुरू केलं. नाकातोंडात पाणी गेलेल्या माणसाला ती प्रार्थना किती मनापासून पटली असेल! राजाच्या मुक्कामाच्या त्या घराचंही पुढे हॉटेल झालं. तेव्हा या धंद्याला राजघराण्यातूनच सुरुवात झाली म्हणायला हरकत नाही.

यात आपलाही एक माणूस हात धुऊन घेत होता. पाटण्याचा शेख दीन मोहम्मद कंपनीच्या फौजेतून निघाला तो विलायतेला पोहोचला. लंडनमध्ये त्याने १८१० साली हिंदुस्थानी जेवणाचं हॉटेल काढलं आणि त्यात दिवाळं वाजल्यावर ब्रायटनला येऊन वाफाऱ्याचं न्हाणीघर थाटलं. गिऱ्हाइकाला वाफ द्यायची आणि वर चंपी करायची. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोघा राजांचा तो अधिकृत चंपीवाला झाला. ‘शॅम्पू’ हा शब्द या चंपीतूनच निघालेला. आता तो आपण बाटलीत भरून, इंग्रजी समजून, परत विकत घेतो.

१८४१ मध्ये लंडनहून ब्रायटनला थेट आगगाडी आली आणि सगळा रागरंगच बदलला. १८७१ च्या कायद्याने बँकांना सुट्ट्या मिळाल्या, आणि कारकून-कामगार बायकापोरांसह किनाऱ्यावर उतरू लागले. त्यांचा मुक्काम खाणावळवाल्या बाईंकडे. या बाईंचा धाक असा, की न्याहारी झाली की पाहुण्याने बाहेर पडायचं. मग पाऊस असो की वादळ, संध्याकाळपर्यंत दार बंद. ज्यांच्याजवळ पैसा होता ते या गर्दीला कंटाळून डेव्हन, कॉर्नवॉल, डॉर्सेटच्या निवांत खाड्यांकडे सरकले आणि तिथे त्यांनी टुमदार वाडे बांधले.

पण सरकारला वाडे दुरून दिसतात. १८९४ मध्ये मालमत्तेवर नवा मृत्युकर बसला. १९१९ मध्ये मोठ्या इस्टेटींवर तो शेकडा ४० झाला, १९४९ मध्ये शेकडा ८०. थोरले साहेब वारले की धाकट्या साहेबांना रडायलाही सवड नसे, आधी हिशेब. कित्येकांनी वाडे पाडून दगड विकले. १९७४ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात या पडलेल्या वाड्यांचं प्रदर्शन भरलं. आकडा हजाराच्या वर होता! जे वाचले त्यांतल्या काहींच्या शाळा झाल्या, काहींची हॉटेलं.

वेल्समध्ये मात्र एका वास्तुशिल्पकाराने हौसेनेच हा उद्योग केला. क्लफ विल्यम्स-एलिस यांनी १९२५ मध्ये खाडीकाठचा एक जुना बंगला घेतला, पुढच्याच वर्षी त्याचं हॉटेल केलं, आणि त्याच्याभोवती रंगीबेरंगी गाव वसवायला घेतलं. त्याचं नाव पोर्टमेरियन. कुठे वाडा पडतोय असं कळलं की हे तिथले खांब-कमानी उचलून आणत. असं करत १९७६ पर्यंत, म्हणजे वयाची नव्वदी उलटेपर्यंत, ते बांधतच होते. नोएल कॉवर्डने १९४१ मध्ये तिथे मुक्काम ठोकून एका आठवड्यात ‘ब्लाइथ स्पिरिट’ हे नाटक लिहिलं. आम्हाला सुट्टीत एक पोस्टकार्ड लिहून होत नाही. १९८१ मध्ये बंगला जळाला; १९८८ मध्ये तो पुन्हा उघडला.

आता ‘मुलांचं स्वागत’ याविषयी. जुन्या वाड्यात मुलं राहत वरच्या मजल्यावर, दाईबरोबर. संध्याकाळी त्यांना न्हाऊमाखू घालून तासभर आईबापांना दाखवायला खाली आणत आणि परत वर नेत. वाड्याचं हॉटेल झालं तरी ही शिस्त सुटली नाही. मुलांना पाच वाजता जेवण, त्याला म्हणायचं ‘हाय टी’. थोरामोठ्यांचं जेवण आठला.

मुलाने आम्हाला डेव्हनच्या अशाच एका वाड्यात चार दिवस नेलं, तेव्हा हा नियम ऐकून आमची ही थक्क झाली. “पाचला? आणि आम्हाला सोडून? आपण सहलीला आलोय की बोर्डिंगात?” सूनबाईंनी “आई, इथली पद्धतच आहे,” म्हणून पाहिलं. उपयोग शून्य. रोज पाच वाजता ही नातीशेजारी, त्या वीतभर खुर्चीवर. आठच्या जेवणाला मग नुसतं सूप.

तिसऱ्या दिवशी वाढणाऱ्या बाईंशी हिची गट्टी जमली. त्यांची आजी याच वाड्यात मोलकरीण होती. वर मुलांना दूध नेऊन द्यायची ते मागच्या अंधाऱ्या जिन्याने. पुढच्या सागवानी जिन्यावर तिने पाय ठेवला तो तेवढा पुसण्यापुरता. “आणि तुम्ही?” हिने विचारलं. “मी?” बाई हसल्या, “मी पुढच्याच जिन्याने येते. हातात ट्रे असला तरी.”

तेव्हापासून ‘किती द्यायचे?’ हा प्रश्न मला पूर्वीइतका असंस्कृत वाटत नाही. त्या प्रश्नाने पुढचा जिना मोकळा केला. चौथ्या दिवशी आमची नात त्याच जिन्यावर बसून बिस्किट खात होती, पायरीपायरीवर चुरा सांडत. कोणी रागावलं नाही. बिल मात्र आलं.